अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई शहराच्या औद्योगिक पट्ट्यात हथखोज हा अवजड उद्योगांचा परिसर आहे. या नावाची मूळ व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानाला त्यात ‘हात’ आणि ‘खोज’ हे दोन शब्द हमखास ऐकू येतात. आणि तेथे चालणारे काम पाहिले तर कानाची ही चूक फारशी चूक वाटत नाही. पोलाद कापणे, वाकवणे, जोडणे आणि घासणे यांवर येथील कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ चालतो. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पुढे या कारखान्याच्या आसपास लहानमोठ्या कार्यशाळा उभ्या राहिल्या आणि धातूशी हातांची ओळख हा या भागाचा स्वभावच बनला. भारतीय रेल्वेचे रूळ येथे तयार होतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी जे खास पोलाद लागले, त्यातही भिलाईचा वाटा आहे.

अशा गावातील एखाद्या कामगाराच्या घरी संध्याकाळी डोकावले तर एक विसंगती नजरेस पडते. दिवसभर ज्याने बोटभर जाडीच्या प्लेटवर खुणा करून ती अचूक कापली, त्याच्या घरी कोपऱ्यातल्या मेजावर एक काळा डबा घरघरत असतो. त्याला घरातील सारे ‘सीपीयू’ म्हणतात. खरे तर सीपीयू हे आतील एका लहानशा चकतीचे नाव. बाहेरचा डबा म्हणजे केवळ कॅबिनेट. मुलीचा अभ्यास त्याच्यावर चालतो, परीक्षेचे अर्ज त्याच्यावरून भरले जातात. एप्रिल महिना उजाडला की दुपारी तो डबा अचानक मंदावतो आणि कधी मध्येच बंद पडतो. आणि पोलादाशी रोज झुंजणारा हा मनुष्य त्या डब्याकडे हतबल होऊन पाहत राहतो. ‘हे आपले काम नव्हे,’ असे म्हणून तो दुकानदाराला फोन करतो. त्या डब्याचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

हे त्याचेच काम आहे. बाजारातील स्वस्त कॅबिनेट हे किमतीच्या दबावाखाली अर्धवट सोडलेले काम असते, आणि ते घरी पुरे करण्याची पात्रता ज्यांच्या हातांत आहे त्यांनी ते निःसंकोचपणे पुरे करावे.

अर्धवट म्हणजे काय, हे समजण्यासाठी उष्णतेचा साधा हिशेब पुरेसा आहे. संगणक जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळीच शेवटी उष्णतेच्या रूपाने डब्यात सोडतो. ती बाहेर नेण्याचे काम हवेला करावे लागते. दोनशे वॉट उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान दहा अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर दर मिनिटाला सुमारे एक घनमीटर हवा डब्यातून आरपार गेली पाहिजे. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा घरगुती संगणक बहुधा शंभर वॉटच्या आत राहतो; त्याला याच्या निम्मी हवा पुरते. आकडा मोठा नाही. मात्र यात एक मेख आहे. पंखा कितीही मोठा लावला तरी डब्याच्या आतील हवा खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. युरोपातील एखाद्या शहरात खोली बावीस अंशांवर असताना जो डबा निभावून नेतो, तोच डबा छत्तीसगडच्या उन्हाळ्यात, खोलीच अडतीस-चाळीस अंशांवर गेलेली असताना, कोंडमारा सहन करू शकत नाही. प्रोसेसर स्वतःचा बचाव करण्यासाठी वेग कमी करतो, तरीही भागले नाही तर यंत्र बंद पाडतो. तो निदान स्वतःला सांभाळतो. वीजपुरवठ्याच्या पेटीतील आणि मदरबोर्डवरील कपॅसिटर मात्र निमूटपणे सोसत राहतात. तापमान दर दहा अंशांनी वाढले की या द्रवयुक्त कपॅसिटरांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. तीन उन्हाळ्यांत ‘खराब निघालेला’ संगणक पुष्कळदा मुळात खराब नसतो, तो भाजून निघालेला असतो.

आता तो डबा समोरून पाहावा. पुढे चकचकीत प्लास्टिकचा अखंड मुखवटा असतो, शोभेचा निळा दिवा असतो, आणि हवा आत येण्यासाठी खालच्या कडेला एखादी चिंचोळी फट असते. आत पंखा बसवण्याची जागा असते, परंतु तिच्यापुढे पत्र्यालाच ठोकून काढलेल्या बारीक भोकांची जाळी असते. या जाळीत भोकांपेक्षा पत्राच अधिक. एकशे वीस मिलिमीटरच्या पंख्याचे वर्तुळ सुमारे एकशे तेरा चौरस सेंटिमीटरचे. त्यातील निम्मी जागा जाळीने व्यापली, तर पंखा मोठा असूनही त्याचा श्वास लहानच राहतो. शिवाय हवा भोकांच्या कडांवर आपटून शिट्टीसारखा आवाज करते तो निराळाच. पुढच्या पंख्याच्या पाठीमागे हार्ड डिस्कचा पिंजरा रिव्हेट मारून कायमचा बसवलेला असतो. त्यात एकच डिस्क असते आणि उरलेले रिकामे कप्पे वाऱ्याची वाट अडवून उभे असतात.

यावर बहुतेक घरांत एकच उपाय केला जातो: बाजूचे झाकण काढून ठेवायचे आणि समोर टेबलफॅन लावायचा. या उपायाने तापमान काही अंश उतरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही हा उपाय लौकर सोडून द्यावा हे उत्तम. झाकण उघडे राहिले की हवेची ठरलेली वाट मोडते. ती एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघण्याऐवजी वाटेल तशी घोटाळते. धूळ थेट आत येते, आणि औद्योगिक वस्तीतील धूळ ही नुसती माती नसते. ग्राइंडिंगच्या आणि वेल्डिंगच्या कामातून उडणाऱ्या धुळीत लोखंडाचे कण असतात. ते विजेचे वाहक असतात आणि दमट हवेत बोर्डावर चिकटून बसतात. खिडकीतला कूलर त्या हवेला दमटपणा पुरवतोच. त्यातच पाली, झुरळे आणि घरातील लहान मुलांची बोटे. झाकण काढून ठेवणे हे दुखणे उघड्यावर टाकणे झाले. आपल्याकडे अशा तात्पुरत्या तोडग्याला ‘जुगाड’ म्हणून कौतुकाने मिरवण्याची एक चाल अलीकडे पडली आहे. गरजेपोटी केलेल्या तडजोडीला कसब समजण्याने कसबाचाच अपमान होतो. अडचण कोठे आहे हे शोधून, माप घेऊन, योग्य जागी एक स्वच्छ भोक पाडणे ही निराळ्या जातीची गोष्ट आहे.

ते भोक पाडण्याचे काम कसे करावे हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण घाई येथेच महागात पडते. सर्वप्रथम डबा पूर्ण रिकामा करावा. मदरबोर्ड, डिस्क, वीजपुरवठ्याची पेटी, सारे काढून कागदावर ओळीने मांडावे आणि कोणती तार कोठे होती याचे एक चित्र काढून ठेवावे किंवा मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. ‘भाग आतच राहू द्या, वरून कापड टाकू’ हा विचार मनातही आणू नये. पत्रा कापताना उडणारा केसाएवढा तुकडा पुढे सहा महिन्यांनी बोर्डावर सरकून दोन टाके जोडू शकतो आणि मग झालेल्या नुकसानीचे कारणही कोणाला कळत नाही.

त्यानंतर खुणा. एकशे वीस मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंमधील अंतर एकशे पाच मिलिमीटर असते, ऐंशीच्या पंख्याचे साडेएकाहत्तर. कागदावर आकृती काढून ती पत्र्यावर चिकटवावी, मध्यबिंदूंवर पंचाने हलका ठोका द्यावा आणि मगच ड्रिल लावावे. हथखोजच्या कारागिराला येथे एक सवय सोडावी लागते. त्याचा हात आपोआप ग्राइंडरकडे जाईल. जाड प्लेटला ग्राइंडर शोभतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला तो तापवून वाकडा करतो, रंग जाळतो आणि ठिणग्यांनी सारा डबा काळा करतो. पातळ पत्रा थरथरतो, हीच त्याची मुख्य खोडी. म्हणून कापायच्या जागेच्या मागे लाकडाचा तुकडा घट्ट धरून, बारीक दात्यांचे पाते लावलेल्या जिगसॉने किंवा पत्रा कापायच्या कात्रीने सावकाश कापावे. जाड कामात मुरलेल्या माणसाला पातळ काम सुरुवातीला चिडवते. पण ज्याला मिलिमीटरची शिस्त ठाऊक आहे, त्याला ही नजाकत साधायला एक दुपार पुरते.

कापलेली कड कानशीने घासून बोट फिरवण्याजोगी मऊ करावी आणि तिच्यावर रबराची खोबणीदार पट्टी बसवावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. उघड्या पडलेल्या धातूवर रंगाचा हात द्यावा, परंतु स्क्रू जेथे धातूला टेकतात तेथे रंग लावू नये. सगळा डबा तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीशी जोडलेला असतो आणि ती जोडणी अखंड राहणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. ज्या घरात प्लगची तिसरी पिन मोडून दोन पिनांवर काम चालले आहे, तेथे कॅबिनेट कापण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीतील अर्थिंग तपासून घ्यावे; पंख्याचा विचार नंतर.

वीजपुरवठ्याची पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात, ती मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये. तिच्यातील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे सव्वातीनशे व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. धीट मनुष्य आणि बेफिकीर मनुष्य यांच्यातला फरक या पेटीपाशी कळतो.

पुढची जाळी कापून काढली, रिव्हेट ड्रिलने उडवून रिकामा पिंजरा बाहेर काढला आणि मागे हवा बाहेर टाकणारा पंखा बसवला की डब्याला दोन नाकपुड्या मिळतात. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवावी. मग डब्यातील दाब थोडासा वाढतो आणि फटींतून धूळ आत खेचली जाण्याऐवजी हवाच बाहेर ढकलली जाते. आत येण्याच्या वाटेवर बारीक विणीची जाळी लावावी; मच्छरदाणीचे कापडसुद्धा चालते. अशा जाळीने हवेचा प्रवाह थोडा कमी होतो. तो तोटा पत्करण्याजोगा आहे, कारण धुळीने भरलेल्या हीटसिंकचा तोटा त्याहून कितीतरी मोठा असतो.

या मतावर आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे सगळेच म्हणणे टाकाऊ नाही. एक आक्षेप असा की जाळीदार मुखाचे चांगले कॅबिनेट आता विकत मिळते, मग ही खटपट कशाला? ज्याला परवडते त्याने ते अवश्य घ्यावे. परंतु ज्याच्या घरी डबा आधीच आहे आणि ज्याच्याकडे ड्रिल, कानस व कौशल्य हेही आधीच आहे, त्याला एका पंख्याच्या किमतीत जे साधते त्यासाठी नव्या डब्याचा खर्च करण्यास सांगणे हा शहाणपणा नव्हे. दुसरा आक्षेप हमीचा. तयार जोडून घेतलेला संगणक हमीच्या मुदतीत असेल तर तो कापू नये, यात वाद नाही. नामांकित कंपन्यांच्या कार्यालयीन संगणकांबाबतही सावध राहावे. त्यांचे डबे, बोर्ड आणि पेट्या अनेकदा आपल्याच विशेष मापांच्या असतात. सुट्या भागांतून जोडलेल्या संगणकाची गोष्ट वेगळी. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले, त्यामुळे बोर्डाचे स्क्रू कोठे यावेत, मागची चौकट केवढी असावी, हे सारे जगभर एकसारखे झाले. म्हणूनच वीस वर्षांपूर्वीच्या डब्यात आजही नवा बोर्ड बसतो. प्रोसेसर काही वर्षांत जुना होतो. डबा पिढ्या पाहू शकतो. ज्या वस्तूचे आयुष्य सर्वांत मोठे, तिच्यावर घालवलेली दुपार वाया गेली असे कसे म्हणावे?

तिसरा आक्षेप उघडपणे बोलला जात नाही, पण तोच सर्वांत खोल आहे. संगणक ही शिकलेल्यांची, टाय लावणाऱ्यांची वस्तू असून हाताला तेल लागलेल्या माणसाने तिला हात लावू नये, अशी एक दबलेली समजूत समाजात आहे, आणि दुर्दैवाने ती त्या तेल लागलेल्या हातांच्या मालकांनीही मानून घेतली आहे. संगणकाचा इतिहास मात्र या समजुतीला मुळीच आधार देत नाही. १९७६ मध्ये स्टीव्ह जॉब्स आणि स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ‘ॲपल वन’ विकायला काढला तेव्हा गिऱ्हाईकाच्या हाती नुसता बोर्ड पडत असे. डबा, कळफलक आणि वीजपुरवठा ज्याचा त्याने जमवायचा. कोणी लाकडाच्या फळ्या ठोकून त्याला घर केले. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९६ च्या सुमारास आपल्या शोधयंत्राच्या डिस्क ठेवण्यासाठी मुलांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांचा डबा रचला होता. पुढे १९९९ मध्ये गूगलने आपले आरंभीचे सर्व्हर उभारताना कॅबिनेटचा खर्चच टाळला आणि बुचाचा पातळ थर अंथरलेल्या ट्रेवर एकेका जागी चार-चार मदरबोर्ड उघडेच मांडले. त्यांपैकी एक रचना आज संग्रहालयात आहे. ज्या कामाला तेथे कल्पकता म्हटले जाते, त्याच कामाला भिलाईच्या एखाद्या फिटरच्या घरी ‘नसता उपद्व्याप’ म्हणण्याचे कारण काय?

महाराष्ट्रातही याचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. त्या योजनेचे पुढे जे झाले ते झाले. मूळ मुद्दा असा होता की हाताने केलेले काम हे बुद्धीचेच काम असते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना तेथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी आणि शेती ही कामे करता करता विज्ञान शिकवले जाऊ लागले. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेर ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब उभ्या राहिल्या, त्यांत पाबळचा समावेश होता. संगणकाने चालणारी कापण्याची यंत्रे एका खेड्यात आली आणि ज्यांना शाळेने नापास ठरवले होते अशांच्या हाती ती दिली गेली. पाबळमध्ये जे होऊ शकले ते हथखोजमध्ये होण्यास साधनांची अडचण नक्कीच नाही. तेथे साधने हव्या त्याहून अधिक आहेत, उणीव आहे ती धीर देणाऱ्या शब्दाची.

कायद्याचे वारेही हळूहळू याच दिशेने वाहू लागले आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. परंतु या साऱ्यात उत्पादकाने काय करावे याचा विचार अधिक आहे. मालकाने स्वतः काय करावे याचा कमी. हक्क कागदावर आला तरी तो बजावण्यासाठी स्क्रू फिरवणारा हात लागतोच. वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, ही समजूत अपुरी आहे. जिचे झाकण उघडण्याची भीती वाटते ती वस्तू घरात असते, पण आपली नसते.

अर्थात प्रत्येकाने कॅबिनेट कापावे असे नाही. ज्याने आयुष्यात ड्रिल धरले नाही त्याने निदान वर्षातून दोनदा, प्लग काढून, झाकण उघडून मऊ ब्रशने धूळ झाडावी. आणि त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने अडवून धरावे, कारण हवेच्या झोताने ते वेड्यासारखे फिरले तर त्याचे बेअरिंग बिघडते. कापण्याचे काम शेजारच्या जाणत्याकडून, रास्त मोबदला देऊन, करून घेता येते. हथखोजसारख्या वस्तीत असा जाणता शोधायला दोन घरांच्या पलीकडे जावे लागत नाही. त्याला फक्त एवढे सांगावे लागते की हा डबा म्हणजेही पत्राच आहे.

काम झाल्यानंतर डबा कूलरच्या झोतापासून दूर आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा. पहिल्या आठवड्यात दुपारच्या वेळी संगणकातील तापमान दाखवणारी सोय उघडून आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि कापण्याआधी लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावेत. आधीचे आकडे लिहिले नसतील तर फरक केवळ भासाचा आहे की खरा, हे कळणार नाही. पुढची जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून धुवावी, पूर्ण वाळवावी, मगच परत बसवावी. कापून निघालेली पत्र्याची गोल चकती कडा घासल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नये.